हंसांचे व्याही

नवसाबाईचं शेत गावाच्या अगदी कडेला. त्याच्यापुढं मग बांध नाही, कुंपण नाही, शेजारी नाही. नुसतं पाणी.

पिंपळथडीपाशी गोदावरी बंधाऱ्याला टेकते आणि जेवून आडव्या झालेल्या बाईसारखी ऐसपैस पसरते. उथळ, सुस्त, गाळानं जड. दिवाळी सरली, थंडी पडली की त्या गाळात लांबलांबची पाखरं उतरतात. निफाडच्या एसटीतनं माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात, 'अहाहा' करतात आणि शेवटच्या गाडीनं परत जातात. पाखरं मात्र मुक्कामाला राहतात, आणि त्यातल्या हंसांचा मुक्काम ठरलेला. दिवसा पाण्यावर, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत नवसाबाईच्या हरभऱ्यात.

या हंसांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात, गावात पट्टेवाले. नवसाबाईचं म्हणणं, कचेरीतला पट्टेवाला निदान साहेबाच्या घंटीला उठतो, हे मेले डबा बडवला तरी मान वर करून बघतात, 'काय काम आहे' म्हणून.

तसं हरभऱ्याचा शेंडा खुडावाच लागतो. खुडला की फुटवे फुटतात, खुडलेल्याची भाजीही होते. पण खुडायचं कुठं थांबायचं, हे हंसांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एका वर्षी शेंड्यापासून सुरुवात करून मुळाशी थांबले होते. तेव्हापासून थंडीत नवसाबाईचा बिछाना शेतातल्या माळ्यावर. चार खांब, वर फळ्या, अंगावर घोंगडी, हाताशी तेलाचा रिकामा डबा आणि एक दांडकं. नवरा सहादू का जात नाही, असं नवीन माणूस हमखास विचारी. हंस आले हे कळतं आवाजावरून, आणि सहादूच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो 'वारा सुटलाय' म्हणायचा. माणूस देवासारखा होता. देवासारखंच त्यालाही ऐकू येत नव्हतं.

पण दोन हजार चारच्या त्या थंडीत गोष्ट वेगळी होती. लेक चैताली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यातच जावयानं तिला देवळाली कॅम्पहून आणून घातलं होतं, आणि आता दिवस भरले होते. नर्सबाई म्हणाली होती, आज-उद्या कधीही. बाळंतपण निफाडच्या दवाखान्यात होईल, पण नंतरची अंघोळ, शेकशेगडी, रात्री लेकरू रडलं की उठणं, हे सगळं आईनं करायचं. आई माळ्यावर. ती खाली आली तर हरभरा गेला, आणि ती वर राहिली तर लेक एकटी. नवसाबाईला दोन्ही हवं होतं, आणि तिच्याजवळ अंग एकच होतं.

म्हणून ती सरपंचाकडं गेली.

सरपंच गोटीराम तिच्या भावकीतला दीर. द्राक्षबागेत घडांची विरळणी चालली होती. तो खुर्ची टाकून बायकांच्या हातांकडं बघत बसला होता.

"भाऊजी, एक काम होतं."

"बोला वहिनी. हंसांचं सोडून काहीपण बोला."

"मग उठते मी."

"अहो बसा. बोला हंसांचंच."

"चैतालीचे दिवस भरलेत. ती हिकडं बाळंत व्हायची अन् मी तिकडं डबा बडवायची का? गावानं पाळी लावावी म्हनते मी. घरटी एकेक रात. एकदाच यील कुनालाबी, पन माझी थंडी निघंल."

गोटीरामनं एक मणी खुडून तोंडात टाकला, आंबट लागला तसा चेहरा केला. "वहिनी, ज्याचं शेत त्याची राखण. आज्या-पणज्यापासून चालत आलंय."

"आज्याच्या टायमाला येशीवर पाटी नव्हती."

ती पाटी गोटीरामनंच लावली होती. 'पक्ष्यांचे गाव पिंपळथडी आपले हार्दिक स्वागत करीत आहे.' खाली हंसाचं चित्र. रंगाऱ्यानं हंस पाहिलेला नसल्यामुळं त्याची कोंबडी झाली होती, पण ऐटदार कोंबडी. पक्ष्यांच्या नावावर गावाला डांबरी रस्ता आला होता, गोटीरामचा फोटो पेपरात आला होता.

"पाटी बरोबर आहे," तो म्हणाला. "पक्षी गावाचेच आहेत."

"अन् हरभरा?"

"हरभरा तुमचा."

हे त्यानं इतक्या सरळपणानं सांगितलं, की नवसाबाईला राग यायच्या आधी हसूच आलं. घरी येऊन तिनं चैतालीला सांगितलं, तर ती पोट धरून हसली आणि मग नको तिथं कळ आली म्हणून गप्प झाली.

त्याच आठवड्यात ज्ञानेशसर मोटारसायकलवरून आले. हे नाशिकच्या एका कॉलेजात शिकवत आणि रविवारी चिखलात उभे राहून पाखरं बघत. त्यांनी बातमी आणली. नाशिकला मोठी परिषद भरली होती, देशोदेशीची माणसं आली होती. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी पाखरं, त्यांची तळी, त्यांची गवतं राखायची तर कोणत्या देशानं किती भार उचलायचा, हा विषय.

"मग? काय ठरलं?" गोटीरामनं विचारलं.

"बोलणं चालू आहे. उचललं अजून कुणी काही नाही," ज्ञानेशसर म्हणाले. "पण दोन पाहुणे शेवटच्या दिवशी इकडं येणार आहेत. एक बाई मंगोलियाच्या. आपले पट्टेवाले अंडी घालतात ना, त्या तळ्यावर काम करतात. आणि एक गृहस्थ डेन्मार्कचे."

मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं? गोटीरामच्या डोक्यात शाल, श्रीफळ आणि स्वतःचं भाषण होतं. तेवढ्यात बायडाबाईनं काठी आपटली. बायडाबाई म्हणजे गावातल्या सगळ्यांची आत्या. तोंडात दात एक नाही, पण शब्द कुठं अडखळत नसे.

"कोन येतंय म्हनला?"

"मंगोलियाच्या बाई, आत्या. हंसांच्या गावच्या."

"म्हंजी अंडी तिकडं घालत्यात?"

"हो."

"अन् खात्यात हिकडं."

"हो, आत्या."

"चार म्हैने आपल्याकडं ऱ्हायाचं, बाळंतपनाला तिकडं जायाचं. मग तिकडचं म्हायेर झालं, आपलं झालं सासर. येनारी बाई कोन लागली मग आपली?" मग तिनंच सांगितलं. "विहीन लागली."

हे सुचलं कसं नाही, अशी सगळ्यांची तोंडं झाली. एकानं शंका काढली की सासरी काम करावं लागतं, हे हंस नुसते खातात. त्यावर बायडाबाई म्हणाली, "मला दोन सुना हायेत. मला नको शिकवू."

आता सगळंच बदललं. शाल-श्रीफळ पुढाऱ्याला चालतं. व्याह्याला टॉवेल-टोपी, विहिणीला साडी आणि खणानारळानं ओटी, आणि जेवायला पुरणाचे मांडे, त्याशिवाय व्याह्यांचा मान होत नाही. आणि पंगतीत बोलणी.

"कसली बोलणी, आत्या?" गोटीराम म्हणाला. "लग्न लागून युगं झाली असतील."

"तेच म्हनते मी. लगीन लागलं अन् बोलनीच ऱ्हायली. कुनी काय करायचं हे कवा ठरलंच न्हाय."

मांडे कुणी करायचे, हा प्रश्नच नव्हता. पुरण भरलेली लोण्यासारखी मऊ कणीक दोन्ही हातांवर झुलवत रुमालाएवढी करायची आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायची, हे नवसाबाईसारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. तिनं 'हो' म्हटलं, घरी गेली, आणि चैतालीच्या पोटाकडं बघून म्हणाली, "व्याही जेवून जाईस्तोवर दम धर गं माय."

"आई, मला कुठं विचारतंय ते," चैताली म्हणाली. "त्यालाच सांग."

पाहुणे आले. मंगोलियाच्या बाईंचं नाव बोलोर. चाळिशीच्या, आडव्या बांध्याच्या, गालांवर वाऱ्यानं भाजल्याचा लाल रंग. डेन्मार्कचे येन्स इतके उंच, की टोपी घालायला गोटीरामला पायरीवर चढावं लागलं, आणि घातल्यावर ती डोक्यावर बसली नाही, नुसती टेकली. बोलोरबाईंची ओटी भरली तेव्हा पदर कसा धरायचा, ते त्यांना कळेना. मग त्यांनी आपला जाड कोटच पुढं पसरला. बायकांना ते फार आवडलं. त्यांनीही रीत सोडली नाही. दोन्ही तळहातांवर निळा रेशमी पट्टा ठेवून तो सरपंचांना दिला आणि पिशवीतून पांढरे खडे काढून वाटले. वाळवलेलं दही होतं ते. बायडाबाईनं एक तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत तिचं तोंड मिटून राहिलं. असा योग गावाला बऱ्याच वर्षांनी आला होता.

मग सगळे पाण्यावर गेले. वाट नवसाबाईच्या शेतातून. खापर पेटवायला अवकाश होता, म्हणून तीही बरोबर गेली. बोलोरबाई हरभऱ्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि दुर्बीण न लावताच बघत राहिल्या. पाण्यावर हंस कलकलत होते. काही वेळानं त्या हळू आवाजात ज्ञानेशसरांशी इंग्रजीत बोलल्या.

"काय म्हनत्यात?" नवसाबाईनं विचारलं.

"म्हणतात, आमच्या तळ्यावर आता बर्फ आहे. लहानपणापासून मी यांना फक्त जाताना बघितलंय. गेल्यावर कशा राहतात, ते आज पहिल्यांदा बघते आहे."

नवसाबाई त्यांच्या जवळ सरकली. लेक पहिल्यांदा सासरी गेल्यावर देवळाली कॅम्पला जाऊन, तिचं स्वयंपाकघर बघून, डबे उघडून, ती स्वतः अशीच उभी राहिली होती.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "बऱ्या हायेत. खाऊन-पिऊन बऱ्या हायेत." आणि हरभऱ्याचा जो भाग मुळापर्यंत खुडला होता तिकडं हात केला. बोलोरबाईंनी बघितलं. त्यांना ज्ञानेशसरांची गरज लागली नाही.

पंगत मारुतीच्या मंडपात बसली. केळीच्या पानावर मांडा, त्यावर तूप, बाजूला आमटी. पहिली वाढ संपली तसा गोटीरामनं घसा साफ केला. मुलाकडचा मोठा म्हणून बोलायचं त्यालाच होतं.

"लेकी गुणाच्या आहेत," तो म्हणाला. "दिसायला देखण्या, उडायला हुशार. पण खाण्याला आवर नाही. हे आता तुम्ही खाताय ना पुरण, याची डाळ त्यांच्या तोंडातून वाचलेली आहे."

"सरपंच, हे असंच सांगू?" ज्ञानेशसर म्हणाले.

"असंच सांगा. बोलणीला लाजून चालत नाही."

ज्ञानेशसरांनी सांगितलं. बोलोरबाई मोठ्यानं हसल्या, मग त्यांनी हात पुसले आणि मांडी बदलली. विहीण बोलायला बसली, हे सगळ्या बायकांनी ओळखलं.

त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या जगाला वाटतं, आम्ही काय, नुसती अंडी घालू देतो. पण तळ्याकाठचं गवत म्हणजे आमच्या मेंढ्यांचं सगळ्यात चांगलं गवत. पिलं निघायच्या दिवसांत तिथले धनगर मेंढ्या तिकडं सोडत नाहीत, कुत्री बांधून ठेवतात, पाण्यासाठी लांबच्या ओढ्यावर जातात. पिलं वाढवायच्या दिवसांत आई-बापाचीही पिसं गळतात, दोघं उडू शकत नाहीत, तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आम्ही धडधाकट करून पाठवायच्या. तुम्ही परत पाठवता तेव्हा त्यांच्या अंगात हिमालय ओलांडायची ताकद असली पाहिजे. नाही तर आमचं वर्ष वाया.

"म्हंजी आपन खाऊ घालावं, असं म्हनत्यात," एक जण म्हणाला.

"त्यांचं चुकीचं नाही," गोटीराम विचार करत म्हणाला. "लेक माहेरी रोडावलेली गेली, तर सासरची अब्रू जाते. बरं, खायचं-प्यायचं आमच्याकडं लागलं. पाणी राखायचं आमच्याकडं. बाळंतपण तुमच्याकडं, त्या दिवसांतली राखण तुमच्याकडं. आता वाटेवरच्यांचं काय?"

वाटेत कोणकोण लागतं, ते ज्ञानेशसरांनी सांगितलं. तिबेट, नेपाळ आणि बरंच काही. त्यांच्यापैकी पंगतीत कुणी नव्हतं.

"वऱ्हाडाचा मुक्काम ज्यांच्या गावात पडतो," गोटीराम म्हणाला, "त्यांनी पाणी द्यावं, दगड मारू नयेत. जास्ती मागणं शोभत नाही."

बोलोरबाईंना हे पटलं. मग सगळ्यांच्या नजरा येन्ससाहेबांकडं वळल्या. ते मांड्याची घडी उलगडण्यात गुंतले होते.

"हे कोन म्हनायचे?" बायडाबाई म्हणाली. तोंडातला खडा एव्हाना संपला होता. "ह्यांच्याकडं जात्यात का हंस?"

जात नाहीत, असं कळलं. मग तुमचं नातं काय, असं ज्ञानेशसरांनी जरा सौम्य करून विचारलं. येन्ससाहेब आढेवेढे न घेता बोलले. आमच्याकडंही अशी पाणथळ जमीन होती, म्हणाले. आमच्या आज्यांनी चर खणून ती सुकवली, बटाटे लावले, जव लावलं, त्यावर घरं भरली. आता आमच्याकडं पाखरं थोडी उरलीत आणि दुर्बिणी भरपूर झाल्यात. म्हणून आम्ही दुसऱ्यांची पाखरं बघायला जातो.

असं मोकळं बोलणारा माणूस बोलणीला सहसा भेटत नाही.

"मग हा मामा," बायडाबाईनं निकाल दिला. "पोराकडचाबी न्हाय, पोरीकडचाबी न्हाय, अन् घरचं बरं हाय. पिवळी साडी मामाची असती."

मामा म्हणजे काय, हे समजावून द्यायला ज्ञानेशसरांना बराच वेळ लागला. मामाला मांडवात मोठा मान, पण मोकळ्या हातानं आलेल्या मामाकडं कुणी ढुंकून बघत नाही, एवढं मात्र येन्ससाहेबांना लगेच उमगलं. मामानं द्यायचं काय, असं त्यांनी विचारलं. गोटीराम म्हणाला, "दोन्हीकडं जे काठावर राहतात त्यांचं नुकसान होतं. ते मामानं भरून द्यावं."

"माझ्या देशाच्या वतीनं मी शब्द देऊ शकत नाही," येन्ससाहेब म्हणाले.

"देशाचा कुणी मागितलाय? मामा एका घरचा असतो. तुमच्या घरापुरता द्या."

येन्ससाहेबांनी टोपी सावरली. त्यांचं तिकडं पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ होतं. त्या मंडळापुरता शब्द देतो, म्हणाले. तेवढ्यात दुसरी वाढ आली. खापरावरचा शेवटचा मांडा हातांवर घेऊन नवसाबाई स्वतः बोलोरबाईंच्या पानाशी वाकली होती, तेव्हा बोलोरबाईंनी गोटीरामला विचारलं, "तुमच्या बाजूचं जे ठरलं ते करतं कोण?"

"गाव," गोटीराम म्हणाला.

"सगळं गाव?"

आता व्याह्यांसमोर खाली मान कोण घालणार. गोटीरामच्या खांद्यावर निळं रेशीम होतं, पोटात तूप होतं. "सगळं गाव," तो म्हणाला. "पाळीपाळीनं राखतो आम्ही हंस. घरटी एकेक रात. पहिल्यापासून रीतच आहे आमची."

नवसाबाईच्या हातातला मांडा तसाच राहिला. तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं. खरं काय ते बोलावं, तर विहिणीसमोर आपल्याच घराचं पितळ उघडं पडणार. न बोलावं, तर आज दिवेलागणीला पुन्हा माळा, आणि घरात चैतालीचं ते भरलेलं पोट. सकाळपासून लेक कंबर धरून चालत होती. तिनं मांडा पानावर अलगद सोडला, घडी नीट केली आणि ज्ञानेशसरांकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"पाव्हनीला सांगा, आज पाळी सरपंचांचीच हाय. म्हनून त्यांना बिगीबिगी जेवू घालतोय."

ज्ञानेशसर थांबले. त्यांनी आधी नवसाबाईकडं बघितलं, मग गोटीरामकडं. मग त्यांनी ते शब्दाला शब्द सांगून टाकलं.

बोलोरबाई पानावरून उठल्या. गोटीरामचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ बोलल्या. त्याचा अर्थ असा, की आमच्याकडचे तालुक्याचे अधिकारी तळ्यापाशी फोटो काढून घ्यायला येतात, काठावर मुक्काम एकानंही कधी केला नाही. सगळं ओझं चार धनगर घरांवर. तुमचं उदाहरण मी त्यांना सांगीन. मग जरा थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. ते सांगताना ज्ञानेशसरांचा आवाज बदलला. "आणि म्हणतात, मीही शहरातच राहते. माझीही पाळी लावून घ्यावी लागेल."

गोटीरामचा हात अजून बोलोरबाईंच्या हातात होता, त्यामुळं त्याला मान हलवण्याखेरीज काही करता येईना. बायडाबाईनं अडकित्ता पुढं केला. गोटीरामनं सुपारी धरली, जरा जास्तच वेळ धरली, आणि फोडली. तुकडे वाटले. येन्ससाहेबांनी आपला तुकडा चावून बघितला आणि डोळ्यांत पाणी आणून 'छान आहे' म्हणाले.

पाहुण्यांची जीप वळणाआड गेली, तसा गोटीराम नवसाबाईकडं आला.

"वहिनी, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं? तुमीच म्हनलात, घरटी एकेक रात. मला वाटलं ठरलंय, मलाच सांगायचं ऱ्हायलं."

"अहो, ते पाहुण्यांपुढं बोलायचं असतं."

"सुपारी कुनी फोडली?" मागून बायडाबाई म्हणाली.

"आत्या, ती काय खरी सुपारी होती का?"

"मग मी मघापास्नं काय चघळतीये?"

मंडपातली माणसं हसली, पण हसून झाल्यावर गोटीरामकडं बघतच राहिली. सुपारी फोडून शब्द फिरवणारं एक घर गावात पूर्वी होऊन गेलं होतं. त्या घरातल्या पोरांना अजून कुणी धड नावानं हाक मारत नसे. गोटीरामची दोन पोरं लग्नाची होती. त्यानं खांद्यावरचं निळं रेशीम काढलं, नीट घडी केली आणि शकुबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाला, "घोंगडी दे माझी."

पाळी कशी लावायची, यावर मात्र तिथंच वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, काठाकडून सुरू करा, जवळ पडतं. नवसाबाई म्हणाली, "काठावरच्यांनी लय वर्सं केली. जे आजवर लांब ऱ्हायले त्यांची आधी." लांब सगळ्यात कोण, तर द्राक्षबागा. त्यांच्या घरी माणसंही जास्त, घोंगड्याही जास्त. मग त्यांच्याकडं दोन-दोन राती आल्या. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांना राती नाहीत, त्यांनी माळ्यावरच्याला सकाळचा चहा न्यायचा. बायडाबाई म्हणाली, चहा मी नेईन, पण साखर माळ्यावरच्यानं आणावी.

चैतालीनं त्यांचं बोलणं संपेपर्यंत दम धरला, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी जीपभाड्याची घासाघीस न करता तिला निफाडला न्यावं लागलं. मुलगी झाली. डोकं केसांनी काळंभोर. सहादूनं तिला हातात घेतलं आणि म्हणाला, "गुनाची हाय, रडत न्हाय." लेकरू तेव्हा अख्खा दवाखाना डोक्यावर घेत होतं.

पंधरवडा उलटला असेल. नवसाबाई सकाळी अंगणात चुलीवर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तापवत होती. गोटीराम शेताकडून आला. त्याची दुसरी रात होती. डोळे तांबडे, पायाला चिखल, केसांत वाळकं गवत. ओट्यावर बसला तो पडल्यासारखाच.

"वहिनी, चहा असंल तर बघा. आत्या साखर विचारत बसल्यात."

तिनं चहा टाकला. "काय म्हनत्यात लेकी?"

"लबाड आहेत. डबा वाजवला की उठतात, आणि वाजवायचा थांबलो की बसतात. पहाटं माझा जरा डोळा लागला. बांधाकडचा कोपरा गेला, वहिनी."

गोटीराम सरपंच होऊन दोन निवडणुका झाल्या होत्या. एवढ्या पडलेल्या आवाजात तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. नवसाबाईनं कोपऱ्याचा अंदाज घेतला. जायला नको होता, पण गेला. तिच्या स्वतःच्या हातूनही असे कोपरे गेले होते, फक्त तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

"एका कोपऱ्यानं काय हुतं," ती म्हणाली. "हिमालय वलांडायचाय त्यांना." आणि बशी त्याच्यापुढं सरकवली.

आतून बाळाचं रडणं आलं, मग चैतालीचं गुणगुणणं. गोटीरामनं चहाचा घोट घेतला. "ज्ञानेशसरांचा फोन होता. विहीणबाई पोचल्या सुखरूप. पिलांच्या दिवसांत तळ्याकाठी राहायला जाणार म्हणे, धनगरांबरोबर. त्यांच्या हापिसातल्या दोघांनाही नेणार आहेत. ते दोघं माझ्या नावानं बोटं मोडतायत."

"अन् मामा?"

"मामाचं अजून काही नाही."

"मंडळाला इचारावं लागत आसंल त्याला."

"ते काही नाही. शब्द दिलाय ना? मी आज रात्रभर डबा बडवतोय, आणि हा तिकडं मंडळाला विचारतोय." चहानं त्याच्या अंगात धुगी आली होती. "आजच ज्ञानेशसरांना सांगतो. म्हणावं, चांगलं खरमरीत लिहा त्याला. आणि वाटेवरच्यांनाही लिहा, निरोप मिळाला का म्हणून. आपली बाजू आपण पाळतोय, बाकीच्यांचं काय?"

"लिहा की. लिहायलाच पायजे." नवसाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पाण्यात बोट बुडवून बघितलं. "पन आता नको. लेकी अजून आपल्या घरात हायेत. त्यांच्या देखत त्यांच्या मामाशी भांडलेलं बरं दिसत न्हाय. होळी झाली की जात्यात त्या. मग काढा भांडान, मीबी येते."

गोटीरामनं थोडा विचार केला. हे बरोबर होतं. रीतीला धरून होतं. त्यानं बशी खाली ठेवली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि उठला. नवसाबाई पाण्याचं घमेलं उचलून लेकीला हाक मारत आत गेली.